अर्ध्या सुताची थट्टा

माननीय अलाइनमेंटतज्ज्ञ महोदय,



पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी येत नाही हे ठाऊक आहे. पण माझ्या गाडीचं इंग्रजी मॅन्युअल मी सीटवर उघडून ठेवलं होतं, तेही तुम्ही वाचलं नाहीत. तेव्हा भाषेचा मुद्दा सोडून देऊ.

मार्चमध्ये तुमच्याकडे आलेली लाल एमजीबी आठवते का? १९७२ ची, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला घडलेली. तुम्ही मशिनच्या यादीत 'एमजी' शोधलंत आणि पहिलं जे नाव आलं त्यावर बोट ठेवलंत. ती गाडी आजची निघाली, शांघायच्या कंपनीची. कोल्हापूरला माझ्या भाच्याकडे हेक्टर आहे, तीही एमजीच. आडनाव एक म्हणून आजीला नातवाचा सदरा घालायचा नसतो, एवढंच सुचवते.

पण खरं कौतुक कॅम्बरचं. चाकाची वरची कड बाहेर झुकते की आत, याचा तो कोन. एमजीबीची चाकं जवळजवळ एक अंशाने बाहेर झुकतात. कारखान्याने तशीच बसवली आहेत. तुमच्या पडद्यावर ते लाल दिसलं आणि तुम्ही ते 'दुरुस्त' केलंत. ८० पौंडांच्या बिलात तशी ओळ आहे: कॅम्बर ॲडजस्ट केला. महोदय, या गाडीत कॅम्बरचा बोल्टच नाही. शॉकॲब्सॉर्बरचा दांडा हाच वरचा विशबोन. कोन बदलायचा तर सुटे भाग बदलावे लागतात. कॅस्टरचंही, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकण्याचंही, तेच: ७ अंश, घडतानाच ठरलेले. मग तुम्ही नेमकं फिरवलंत काय? माझ्या अंदाजाने, प्रिंटर.

हाताने बदलता येईल असं पुढच्या चाकांचं एकच माप या गाडीत आहे, टो. दोन्ही चाकं पुढून किंचित आत वळलेली हवीत. गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे धावताना रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो. बुशांमधला ढिलेपणा भरून निघतो, चाकं जराशी फाकतात आणि सरळ होतात. किती आत? मॅन्युअल सांगतं, एक सोळांश ते तीन बत्तीसांश इंच. हे अपूर्णांक तुम्हाला जड गेले असतील. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करत. त्यांच्या भाषेत हे सोपं आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणजे तुम्हाला सांभाळायचं होतं अर्धा ते पाऊण सूत. बस्स.

तुम्ही गाडी जॅकवरून उतरवलीत आणि तिथल्या तिथे मापलीत. उतरवलेली गाडी आधी थोडी पुढेमागे ढकलायची असते. स्प्रिंगा लोंबून आलेल्या असतात, टायर जमिनीला अडकून बसलेले असतात. खाली बसल्याशिवाय खरं माप मिळत नाही. मी घरी येऊन मापलं तर चाकं चांगली दोन सूत आत. पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार होतं. दीड हजार मैलांत टायरच्या बाहेरच्या कडा गेल्या. टायरवर हात बाहेरून आत फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की करवत.

आणि एवढंही तुम्ही केलंत ते एकाच बाजूने. स्टिअरिंगच्या रॅकला दोन टोकं असतात, चाकांकडे जाणारे दोन रॉड असतात. दोन्ही सारखेच फिरवायचे. पण उजवा रॉड हाताला सोपा असेल. बरं, फिरवताना रबरी बुटाची क्लिप तरी ढिली करायची! तो बूट तसाच रॉडबरोबर गरगरला आणि पिळलेल्या धोतरासारखा झाला. मी बोट लावलं तर फाटला.

अर्थात एक बाजू फिरली की स्टिअरिंग व्हील वाकडं होणारच. ते तुमच्या नजरेतून सुटलं नाही, याबद्दल खास आभार. त्यावर तुमचा उपाय मात्र असा, की चाकं तशीच ठेवून व्हीलच उपसलंत आणि सरळ करून बसवलंत. पाटीवरचं गणित चुकलं म्हणून पाटीच फिरवून धरावी तसं. आता व्हील सरळ दिसत होतं, रॅक मात्र मध्यावर नव्हती. एका बाजूला गाडी एका दमात वळायची, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रस्त्यात दोनदा रिव्हर्स. इंडिकेटर एकीकडे वळण संपायच्या आत विझायचा, दुसरीकडे विझायचाच नाही; मागचे लोक मला बाई अजून विचारात आहेत म्हणून हॉर्न वाजवायचे. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना इथे वार्षिक तपासणी माफ आहे. त्यामुळे तुमची ही कलाकुसर कुणा सरकारी डोळ्यांना कधी दिसली नसती. दिसली ती फक्त मला, आणि बिचाऱ्या टायरांना.

गेल्या रविवारी मी स्वतः बसले. चार स्टँड, दोन सुतळ्या, एक स्टीलची पट्टी. या गाडीचा मागचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, पुढच्यापेक्षा पाव इंच जास्त आहे, म्हणून सुतळी पुढच्या हबपासून दर बाजूला एक सूत जास्त लांब धरायची. हे मला पडद्याने सांगितलं नाही. वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्री फियाटला असंच करायचे, ते पाहून ठाऊक होतं. वडील म्हणायचे, सुतावरून स्वर्ग गाठू नये. तुम्ही सूतही न बघता गाठलात.

व्हील काढून जुन्या जागी बसवलं, रॅक मध्यावर आणली, क्लिपा ढिल्या केल्या, दोन्ही रॉड थोडे थोडे फिरवले, गाडी ढकलून पुन्हा मापली. असं पाच वेळा. नवे टायर आणि नवा बूट, त्यांची पावती सोबत जोडली आहे. कॅम्बरचे पैसे तेवढे परत पाठवा. बाकी तुमची मेहनत समजून ठेवून घ्या.

तुमच्याकडून गाडी आली तेव्हा रॉडचे उघडे आटे डावीकडे ११ होते, उजवीकडे १६. आज सकाळी पुन्हा मोजले. डावीकडे १४, उजवीकडे १४.

आपली,
लाल एमजीबीवाली