मैत्रीनाना

आमच्या इमारतीतले मैत्रीनाना इगतपुरीहून आले ते पाच किलो वजन आणि सगळे शत्रू घालवून आले, असं त्यांचंच म्हणणं. वजन दिवाळीत परत आलं.

तिथे धम्मगिरीवरच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते. नऊ दिवस एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. नानांचं त्या दिवशी जे सुटलं, ते अजून आवरलेलं नाही.

भेटेल त्याला ते बुद्धघोषांचा क्रम ऐकवतात. पाचव्या शतकातले हे आचार्य ‘विसुद्धिमग्गा’त सांगतात, की मैत्री आधी स्वतःवर करावी, मग आदराच्या माणसावर, मग घेणं ना देणं अशा माणसावर आणि शेवटी वैऱ्यावर. नाना तीन वर्षं पहिल्या पायरीवर आहेत. पाया पक्का नको? मेंटेनन्स थकला, नानांनी स्वतःला क्षमा केली. माझी शिडी नेली त्याला चौदा महिने झाले. मागायला गेलो तर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून म्हणाले, “त्या शिडीवरून मी स्वतःला फार बोल लावत होतो हो. आता नाही लावत.” शिडी मागे गॅलरीत दिसत होती. तिच्यावर पंचा वाळत होता.

खरं सांगू? मला हेवा वाटतो. वरण सांडलं तर मी स्वतःला गाढव म्हणतो. आईनं लावलेली सवय. नाना दूध उतू गेलं की गॅस बंद करायच्या आधी स्वतःचा खांदा थोपटतात. ओटा वहिनी पुसतात. वहिनी कितव्या पायरीवर, हे अजून ठरायचंय.

बुद्धघोष मात्र चिवट. वैऱ्यावरचा राग जाईना, तर विचारतात, बाबा रे, नेमका रागावलास कशावर? त्याच्या डोक्याच्या केसांवर? अंगावरच्या केसांवर? नखांवर? मी नानांवर हा प्रयोग करून पाहिला. डोक्यावर केस फारसे नव्हतेच. नखांबद्दल तक्रार नव्हती. पण डोळ्यांपुढे तो पंचा आला आणि सगळं मुसळ केरात. एवढ्यानंही भागेना तर त्या माणसाला काहीतरी भेट द्या, असा आचार्यांचा पुढचा उपाय आहे. म्हटलं, शिडी दिलीच आहे.

मग गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी थकबाकीची यादी वाचली, नावानिशी, जरा खड्या आवाजात.

सोमवारी सकाळी दारात नाना. हातात पाव किलो पेढे.

“कसले हो?” मी एक उचलत विचारलं.

“काही नाही, सहज,” नाना मायेनं म्हणाले. “मधल्या दोन सोडल्या. एकदम चौथीच घेतली.”

तोंडात पेढा होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही.