उसने द्यावे कसे: एक नियमित स्पॅनिश क्रियापद चालवण्याची पद्धत

साहित्य: एक नियमित क्रियापद, सहा कर्ते, एक दोनशे पानी वही आणि एक मेव्हणा. मेव्हणा स्पॅनिश असल्यास उत्तम. स्पेनमध्ये ‘कुन्यादो’ म्हणजे मेव्हणा ही एक मान्यताप्राप्त विनोदी संस्था आहे. जेवायला येऊन गाडीच्या इंजिनापासून देशाच्या अर्थकारणापर्यंत सगळ्यावर अधिकारवाणीने बोलतो तो कुन्यादो, मग तो नात्याने कुणीही असो. तेव्हा हा घटक मिळायला अडचण येऊ नये.

क्रियापद मात्र पारखून घ्यावे. स्पॅनिशमध्ये क्रियापदांचे तीन गट: शेवटी आर, एर किंवा ईर. नमुना म्हणून जुनी व्याकरणे ‘आमार’, ‘तेमेर’, ‘पार्तीर’ देतात. अर्थ अनुक्रमे प्रेम करणे, भिणे आणि निघून जाणे. या क्रमातून कुणी संसाराचा अर्थ काढू नये, स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा तसा हेतू नव्हता. आम्ही येथे ‘प्रेस्तार’ घेतले आहे: उसने देणे. माणूस प्रेमावाचून राहू शकतो. मेव्हण्याला पैसे देणे टळत नाही.

‘नियमित’ या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नये. असणे, जाणे, करणे, येणे ही रोज उठून लागणारी स्पॅनिश क्रियापदे एकजात अनियमित आहेत. नियम पाळायचे काम बाकीच्यांकडे. ज्याच्यावाचून अडते त्याला मस्टरवर सही करावी लागत नाही, हे कचेरीत नोकरी केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आता कृती. ‘प्रेस्तार’चा ‘आर’ कापून टाकावा. उरलेल्या ‘प्रेस्त’ला एकेक प्रत्यय लावत जावे: प्रेस्तो, प्रेस्तास, प्रेस्ता, प्रेस्तामोस, प्रेस्ताइस, प्रेस्तान. मी देतो, तू देतोस, तो देतो, आम्ही, तुम्ही, ते. शाळेत मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेऊन ज्यांनी ‘गच्छामि गच्छावः गच्छामः’ घोकले आहे, त्यांना हे माहेरी आल्यासारखे वाटेल. शिवाय येथे द्विवचन नाही, आणि ‘देतो की देते’ हा प्रश्नही नाही. उसने देणाऱ्याचे लिंग स्पॅनिश विचारत नाही. ‘प्रेस्ताइस’ हे रूप स्पेनपुरते. मेक्सिकोपासून खाली चिलीपर्यंत ते कुणी बोलण्यात वापरत नाही, त्यामुळे तिकडचा विद्यार्थी सहापैकी एक रूप ऑप्शनला टाकू शकतो.

वर्तमानकाळ येथे संपला. खरा खर्च भूतकाळात आहे.

दिलेल्या पैशांसाठी स्पॅनिशमध्ये एक भूतकाळ पुरत नाही. ‘प्रेस्ते’ म्हणजे दिले. एकदा दिले, मिटले. ‘प्रेस्ताबा’ म्हणजे देत असे. दर महिन्याला, दर सणाला, तोंडही न उघडता. तोंड उघडण्यापूर्वीच ठरवावे लागते की हा प्रसंग होता की सवय होती. नवशिके येथे अडखळतात, कारण देताना प्रत्येक वेळी तो प्रसंगच असतो. सवय होती हे वही मागून चाळल्यावर कळते. म्हणून वही.

त्यातही माद्रिदमध्ये राहत असाल तर घड्याळ जवळ ठेवावे. आज सकाळी पन्नास युरो दिले असतील, तर ‘ए प्रेस्तादो’. तेच काल दिले असतील, तर ‘प्रेस्ते’. म्हणजे मेव्हणा तोच, नोट तीच, पण रात्री बारा वाजून गेले की काळ बदलला. ब्यूनोस आयरेसमध्ये ही कटकट नाही. तिथे सकाळचे असो की गेल्या वर्षीचे, ‘प्रेस्ते’वर भागते.

मराठी माणसाला येथे एक खोड सोडावी लागते. ‘मी पन्नास युरो दिले’, ‘मी नोट दिली’, ‘मी चेक दिला’: आपल्याकडे व्यवहार भूतकाळात गेला की क्रियापद देणाऱ्याला सोडून पैशांच्या मागे जाते. पैसे अनेकवचनी तर क्रियापद अनेकवचनी, नोट स्त्रीलिंगी तर तेही स्त्रीलिंगी. स्पॅनिश क्रियापद असली फितुरी करत नाही. ‘प्रेस्ते’मधला तो ‘ए’ सरळ तुमच्याकडे बोट दाखवतो: दिले ते तूच. रक्कम कितीही असो, ती क्रियापदाच्या खिजगणतीत नाही.

खबरदारी: आघात. जिथे जोर द्यायचा तिथे आम्ही ऽ घातला आहे, तो मोठ्याने म्हणावा. ‘प्रेऽस्तो’ म्हणजे मी देतो. ‘प्रेस्तोऽ’ म्हणजे त्याने दिले. ‘प्रेस्तेऽ’ म्हणजे मी दिले; ‘प्रेऽस्ते’ म्हणजे आपण द्यावे. लिहिताना हा सगळा फरक अक्षराच्या डोक्यावरच्या एका तिरक्या रेघेत मावतो. सर्वांत महाग चूक बँकेत होते. ‘प्रेऽस्तामोस’ म्हणजे कर्जे, आणि ‘प्रेस्ताऽमोस’ म्हणजे आम्ही देतो. काउंटरवर कर्जांची चौकशी करताना जोर एक घर पुढे सरकला, तर आपण बँकेलाच कर्ज देऊ केले असा अर्थ निघेल. बँका असल्या गोष्टी चटकन मनावर घेतात.

भविष्यकाळात कापाकापी नाही. अख्ख्या ‘प्रेस्तार’लाच प्रत्यय जोडायचा: प्रेस्तारेऽ, प्रेस्ताराऽस, प्रेस्ताराऽ. विद्यार्थ्याला हे सोपे वाटते आणि तो खूश होतो. हा प्रत्यय आला कुठून, ते त्याला कुणी सांगत नाही. मुळात तो ‘जवळ असणे’ या अर्थाच्या जुन्या साहाय्यक क्रियापदाचा तुकडा आहे. ‘देणे माझ्याकडे आहे’, ‘मला द्यायचे आहे’ अशी ती रचना होती. शतके लोटली, दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि बंधनाचा भविष्यकाळ झाला. मेव्हण्यांना हा इतिहास उपजत ठाऊक असावा.

त्याच अख्ख्या क्रियापदाला ‘इया’ जोडला की ‘प्रेस्तारिया’. या एका रूपासाठी स्पॅनिश शिकायला हरकत नाही. ‘ते प्रेस्तारिया, पेरो...’ म्हणजे ‘दिले असते रे, पण...’ यातला ‘पेरो’ पाठ करावा, त्यापुढची तीन टिंबे नीट उच्चारावीत आणि खिडकीबाहेर बघावे. आमच्या मते वर्गात हेच रूप पहिल्या दिवशी शिकवले पाहिजे. पुस्तके ते दहाव्या धड्यात ढकलतात, आणि तोपर्यंत विद्यार्थी बऱ्याच रकमेला बुडालेला असतो.

यानंतर ‘सुबहुन्तिवो’. जे घडले ते नव्हे, तर कुणाला हवे आहे, कुणाला शंका आहे, कुणाला भीती आहे, त्यासाठीचे हे रूप. ‘आ’च्या जागी ‘ए’ बसवायचा: प्रेस्ते, प्रेस्तेस, प्रेस्ते. ‘मी पैसे द्यावेत असे त्याला वाटते’ हे वाक्य यावाचून होत नाही. गंमत आज्ञार्थात आहे. ‘दे’ म्हणायचे तर साधे ‘प्रेस्ता’ पुरते. ‘देऊ नकोस’ म्हणायचे तर ‘नो प्रेस्तेस’, म्हणजे पुन्हा सुबहुन्तिवो. होकार पहिल्या आठवड्यात येतो. नकार यायला निम्मे व्याकरण संपवावे लागते. घरची मंडळी मात्र नकार कुठलेही व्याकरण न शिकता अस्खलित देतात.

अकादमीच्या कोष्टकात एकूण १७ खाने आहेत: स्वार्थाचे १०, सुबहुन्तिवोचे ६ आणि आज्ञार्थाचा एक. त्यांतले बरेचसे ‘दिले होते’, ‘दिलेले असतील’ असे जोडकाळ आहेत. ते साहाय्यकाच्या जिवावर चालतात, त्यांची फार काळजी करू नये. एका खान्याची ओळख मात्र हवी: ‘प्रेस्तारे’, पण जोर ‘ता’वर. हा सुबहुन्तिवोचा भविष्यकाळ. बोलण्यातून तो कधीच गेला, पण कायद्याने त्याला ठेवून घेतले आहे. स्पेनच्या १९९५च्या दंडसंहितेत मनुष्यवधाचे १३८वे कलम आजही याच काळात सुरू होते. तेव्हा पत्रात हे रूप दिसले, तर ते पत्र वकिलाचे आहे असे समजून वही शोधायला घ्यावी.

या प्रांतातला आमचा आदर्श पुरुष आंद्रेस बेल्यो. जन्म कराकासचा, कर्मभूमी सांतियागो. १८४७ साली त्याने अमेरिका खंडातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी व्याकरण लिहिले आणि बहुतेक काळांना नवी नावे दिली. त्यांतली काही मेक्सिकोच्या शाळांत अजून चालतात. त्याच माणसाने चिलीच्या दिवाणी संहितेचा मसुदा केला, जो १८५५ साली संमत झाला. त्या संहितेत उसनवारीचे दोन वेगळे प्रकार आहेत. एकात घेतली तीच वस्तू परत करायची, छत्रीसारखी. दुसऱ्यात घेतलेली वापरून संपवायची आणि तेवढीच दुसरी द्यायची, वाटीभर साखरेसारखी. क्रियापद कसे चालवायचे आणि दिलेले परत कसे मागायचे, या दोन्हींचे नियम एकाच हाताने लिहिले. एवढी पूर्वतयारी करून उसने देणारा दुसरा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

स्वाध्याय

१. ‘प्रेस्तार’ सर्व काळांत चालवा. मेव्हणा खोलीत नसताना चालवावे.

२. ‘देबेर’ (देणे लागणे) आणि ‘कोब्रार’ (वसूल करणे) हीदेखील नियमित क्रियापदे आहेत. त्यांची रूपे लिहा व प्रत्यक्षात वापरून पाहा. अनुभव जोडपत्रात द्यावा.

३. ‘पेदीर प्रेस्तादो’ (उसने मागणे) यातील ‘पेदीर’ अनियमित का, हे उदाहरणासह स्पष्ट करा. मेव्हण्याचे उदाहरण ग्राह्य धरले जाईल.

४. गाळलेली जागा भरा: ‘गेल्या नाताळात घेतलेले पन्नास युरो त्याने मला ______.’ (सूचना: येथे ‘देवोल्वेर’, म्हणजे परत करणे, या क्रियापदाचे रूप अपेक्षित आहे. हे क्रियापद अनियमित असून प्रस्तुत पुस्तिकेच्या कक्षेत येत नाही. जागा रिकामी सोडल्यास पूर्ण गुण.)