‘हो’ कोण म्हणालं?

आपल्या खासदारानं संरक्षणावर मत काय दिलं, हे पाटणच्या एसटी स्टँडवर ट्रंक घेऊन कऱ्हाड गाडीची वाट बघणाऱ्या, रजा संपलेल्या जवानानं विचारू नये. २३ मार्च २०२३ला लोकसभेनं सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्पीय खर्च गोंधळात, चर्चेविना, आवाजी मतदानानं उरकला; संरक्षणाचे ५.९४ लाख कोटी त्यातच. कोण ‘हो’ म्हणालं, कोण नुसतंच ओरडत होतं, याची नावनिशीवार नोंद आवाजी मतदानात होतच नाही. (मतविभागणी झाली तरी पक्षादेश आहेच, तो मोडला तर खासदारकी जाऊ शकते, १९८५पासून.) एके काळचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या या सातारा जिल्ह्यात ग्रामसभा मात्र पथदिव्याच्या बिलावर अख्खी दुपार भांडते, वर इतिवृत्तावर सह्याही घेते.