कलासंकुल भाड्याने देणे आहे

पावसाळा लागला की पुण्याच्या कॉलेजांत दोन गोष्टींना जागा मिळत नाही : ओल्या छत्र्यांना आणि पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना. छत्र्यांसाठी दारात निदान एक बादली तरी ठेवतात. तालमी मात्र १९६३ पासून, म्हणजे स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून, जिन्यात, गच्चीवर, सायकल स्टँडमध्ये, वॉचमनकाका ज्या कोपऱ्यात काणाडोळा करतील त्या कोपऱ्यात होत आल्या आहेत.

शहरातल्या एका नामवंत महाविद्यालयाने (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी भाचीला तिथे प्रवेश हवा आहे) हा अन्याय दूर करायचे ठरवले आणि परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर बांधले. मोठे थिएटर, छोटे थिएटर, ब्लॅक बॉक्स, खुला रंगमंच, वर गच्चीवर हिरवळ. 'विद्यार्थ्यांच्या कलागुणांना समर्पित' अशी कोनशिलाही बसवली. ती पाहायची असेल तर सकाळी लवकर जावे. नंतर तिच्यापुढे बुफेची टेबले लागतात.

सेंटरचे दरपत्रक हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, सोसायटीची वार्षिक सभा, विमा एजंटांचा मेळावा, क्लासवाल्यांचा गुणवंत-सत्कार, राजकीय पक्षाचे चिंतन शिबिर (अनामत दुप्पट, आणि ते बरोबरच आहे). प्रत्येकाला वेगळा दर, वर जीएसटी. शेवटच्या ओळीत, चष्मा पुसून पाहिल्यास, 'संस्थेचे विद्यार्थी : विनामूल्य, सभागृह रिकामे असल्यास'. आता रिकामे म्हणजे काय, हे ठरवायला समिती आहे. तिच्या मते बुकिंग असलेले सभागृह रिकामे नसते हे उघडच आहे; पण बुकिंग नसलेलेही रिकामे नसते, कारण ऐन वेळी बुकिंग येऊ शकते.

एका मुलीने सांस्कृतिक विभागाच्या सरांना विचारले, "सर, आठ दिवस तालमीला ब्लॅक बॉक्स मिळेल का?"

"अगं, तिथे खुर्च्या ठेवल्यात."

"आम्ही बाजूला करतो ना सर."

"आणि मग खुर्च्या कुठे ठेवायच्या?"

या प्रश्नाला अजून उत्तर सापडलेले नाही. अर्ज मात्र विभागप्रमुख, उपप्राचार्य, प्राचार्य, इस्टेट मॅनेजर असा रीतसर फिरला आणि 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' या शेऱ्यासह परत आला, तोवर प्राथमिक फेरीचा निकाल लागला होता.

वास्तू पाहण्यासारखी आहे. रंगमंचावर इटालियन संगमरवर आहे. त्यात खिळा ठोकता येत नाही, त्यामुळे सेट उभा राहत नाही. आणि त्यावर तास-दोन तास पाय आपटून नाचलेल्या कथकच्या मुलींचे गुडघे पुढे फिजिओथेरपीच्या कामी येतात. (नाचाला लाकडी, किंचित दबणारी जमीन लागते, हे कुणीतरी सुचवले होते, पण लाकडावर वरमाईची साडी उठून दिसत नाही.) विंगा नाहीत. पात्रांनी एन्ट्री घ्यायची ती एसी प्लँटच्या दारातून. मागच्या भिंतीवर कायमची एलईडी वॉल ठोकल्यामुळे सायक्लोरामाचा प्रश्नच मिटला. तिच्यावर देणगीदाराचा लोगो अष्टौप्रहर तेवत असतो, त्यामुळे ब्लॅकआऊट होत नाही; खून झालेल्या पात्राला उठून सगळ्यांदेखत चालत जावे लागते. मेकअप रूम दोन आहेत. एकीवर 'वरपक्ष' आणि दुसरीवर 'वधूपक्ष' अशा पितळी पाट्या आहेत.

असल्या सोयींअभावी जुन्या माणसांचे काय हाल झाले असतील! ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते राजवाड्यात. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांना ना अनामत मागितली, ना अधिकृत केटरर सक्तीचा केला. पुढे १९७४ मध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी दादरला छबिलदास शाळेचा साधा हॉल घेतला. खाली स्टेशनचा बाजार, वर प्रायोगिक नाटक. झुंबर नाही, एलईडी वॉल नाही. नाइलाजाने त्या बिचाऱ्यांना चांगली नाटके करावी लागली. त्या हॉलचे नाव मग एका चळवळीलाच पडले. आमच्या सेंटरचेही नाव झाले आहे, पण ते लग्नपत्रिकांवर.

गमतीचा भाग सोडला तर संस्थेची अडचण खोटी नाही. सरकारी अनुदान पगारापुरते, विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते, आणि एसी कलेच्या सेवेत चालला तरी मीटर तेवढ्याच वेगाने फिरतो. अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांची नाट्यगृहेही बाहेरच्यांना भाड्याने जातात. फक्त तिथे कॅलेंडरवर आधी विद्यार्थ्यांच्या तारखा लागतात आणि उरलेल्या बाजारात जातात. हा क्रम आपल्याकडे आणताना बहुधा कस्टममध्ये अडकला.

मुलांना सेंटरमध्ये कधीच येऊ देत नाहीत, असे म्हणणेही खोडसाळपणाचे होईल. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची टीम येते तेव्हा आवर्जून बोलावतात. नऊवारी, फेटे, ढोलकी, सगळे सकाळी नऊला हजर. 'नॅक'ला जिओटॅग केलेले फोटो लागतात, म्हणजे फोटोत कला दिसो न दिसो, अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. ते दिसले की मुलांना वडापाव देऊन अकराच्या आत मोकळे करतात, कारण संध्याकाळी रिसेप्शन असते. नव्या शैक्षणिक धोरणात तर अशा सहभागाला क्रेडिटही आहे. पोरांनी फेटा एका फोटोपुरता बांधला, पण क्रेडिट पूर्ण मिळाले.

२०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असे म्हणून परीक्षकांनी तो कुणालाच दिला नाही. तेव्हा हल्लीच्या पोरांच्या घसरलेल्या दर्जाबद्दल आपण सर्वांनी भरभरून काळजी केली. तालमी कुठे झाल्या हा रकाना परीक्षकांच्या कागदावर नसतो.

पोरे मात्र घसरलेली असली तरी बावळट नाहीत. यंदा त्यांनी दरपत्रक शांतपणे वाचले, वर्गणी काढली आणि छोटे थिएटर 'साखरपुडा, घरगुती' या सदरात रीतसर बुक केले. एकांकिकेच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते; साखरपुड्याच्या संहितेला अजून लागत नाही. एका पोराने धोतर नेसून गुरुजी केले, दोघे वधूपक्षातून रंगून आले, तिघे वरपक्षातून. प्रेक्षक अहेराची पाकिटे घेऊन बसले. केटरर सक्तीचाच असल्याने मसालेभात आणि जिलबीही झाली, आणि नाट्यशास्त्राला अपेक्षित नसलेला एक रस प्रयोगात आला. इस्टेट मॅनेजर स्वतः पहिल्या रांगेत सोफ्यावर बसून जेवले.

एकांकिकेचा विषय साखरपुड्याचाच होता. शेवटी नायिका अंगठी काढून सासऱ्याच्या हातावर ठेवते आणि चालू पडते. पोरीने तो प्रवेश असा केला की मागच्या रांगेत कुणाच्या तरी मावशी खरोखर रडल्या. टाळ्या थांबायच्या आत मॅनेजर लगबगीने उठले, मंचावर गेले आणि वधूपिता झालेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन, आवाज उतरवून म्हणाले, "झालं ते वाईट झालं, काका. पण लग्नाची तारीख धरून ठेवायची असेल तर आजच सांगा. रद्द केलीत तर अनामत परत मिळत नाही."