पाणी अजून तयार नाही

रिकामी वस्तू आपल्याकडे कुणालाच बघवत नाही. रिकाम्या बरणीत डाळ भरली जाते, रिकाम्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे येऊन बसतात आणि रिकाम्या माणसाला दळण आणायला पिटाळलं जातं. अशा घरात मी काचेची दोन फुटी टाकी आणली, तळाशी वाळू घातली, पाणी भरलं, हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर चालू केला आणि महिनाभर तरी हिच्यात मासे सोडायचे नाहीत, असं जाहीर केलं. वर रोज चिमूटभर माशांचं खाद्य मात्र टाकू लागलो.

"मासे नाहीत, मग खातंय कोण?" आईनं विचारलं.

"कुणी खायचं नाहीये. ते कुजायला टाकतोय."

त्यानंतर बराच वेळ घरात कुणी माझ्याशी बोललं नाही.

खरं तर प्रकार साधा आहे. मासा खातो, पचवतो आणि त्यातून तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. टाकीत कुठे जाणार? त्याचा बंदोबस्त करतात जिवाणू. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट करते. ते माशाला बरंच सोसतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की बाहेर जातं. हौशी मंडळी या सगळ्याला 'सायकल' म्हणतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजवर, वाळूवर, काचेवर ठाण मांडतात आणि वाढतातही आपल्या तब्येतीनं. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना कधीकधी एक दिवससुद्धा पुरत नाही. म्हणून चार ते सहा आठवडे वाट पाहायची. 'पाणी अजून तयार नाही' या माझ्या वाक्याचा अर्थ एवढाच होता, पण आईच्या मते नळाला आलं की पाणी तयारच असतं.

या जिवाणूंना पहिल्यांदा वेगळं काढलं ते सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं, 1890 मध्ये. तेव्हापासून शास्त्रज्ञ धरून चालले होते की ही दोन कामं दोन वेगळे जिवाणू करतात. 2015 मध्ये कळलं की दोन्ही कामं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटा करणारा जिवाणूही आहे, आणि तो सापडलेल्या ठिकाणांपैकी एक होतं मत्स्यपालनातलं फिल्टर. हे मी हिला कौतुकानं सांगितलं. "सगळं एकटीनंच चाललंय हे लक्षात यायला सव्वाशे वर्षं लागली? मग घरच्यापेक्षा लवकरच आलं म्हणायचं," असं म्हणून ही कुकर लावायला निघून गेली.

सगळं रीतसर चाललेलं असताना मेव्हणा आला. हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी. "भाऊजी, रिकामी टाकी घरात ठेवू नये." पिशवीत नऊ गोल्डफिश होते : आठ शेंदरी, एक काळा. फेंगशुईत असंच असतं म्हणे, आठ भरभराट आणतात आणि काळा येणारी पीडा अंगावर घेतो. गोल्डफिश हा खादाड प्राणी. जितका खातो तितकाच अमोनिया सोडतो आणि चांगला वीतभर वाढतो. आमच्या टाकीत वाळू-दगड वजा जाता पन्नास लिटरही पाणी नव्हतं. पण बायकोच्या भावानं आणलेला आहेर दारातून परत पाठवण्याची सोय कुठल्याच शास्त्रात नाही.

दोन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करू लागले. "गातायत," असं मेव्हण्यानं फोनवर निदान केलं. मी चाचणीचा संच काढला.

अमोनियाची चाचणी अशी : नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, आणि जितकं हिरवं तितकं संकट मोठं. मी नळी उजेडात धरली आणि म्हणालो, "हिरवं झालंय." ही माझी भाबडी समजूत.

"हिरवं काय म्हणता? पोपटी आहे हा," ही म्हणाली.

"पोपटी कसला, मेंदी आहे," आई.

शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि कैरीचा कौल दिला. ज्या घरात साड्यांचे डझनभर हिरवे नांदतात, तिथे कंपनीनं दिलेल्या रंगपट्टीवरचे चार-सहा चौकोन म्हणजे बालवाडीची चित्रकला. शेवटी कपाट उघडलं गेलं. एक नारायणपेठ बाहेर आली, तिचा काठ नळीशेजारी धरला गेला आणि एकमत झालं. मग तो काठ मी गुपचूप रंगपट्टीशी ताडून पाहिला. लिटरला 4 मिलिग्रॅम. तेव्हापासून आमच्या घरात अमोनिया नारायणपेठेत मोजतात.

आता उपाय. काकांनी तुरटी फिरवायला सांगितली. काकूंनी खडे मीठ. दुकानदारानं निळ्या औषधाचे थेंब. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सगळं पाणी काढा, टाकी घासा, नव्यानं भरा. यातली गंमत म्हणजे कुणीच अगदी वेडं बोलत नव्हतं, फक्त भलत्याच दुखण्याचं औषध सांगत होतं. तुरटीनं पाण्याचा सामू उतरतो, आणि चाचणी दाखवते तो सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. सामू 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, सामू 8 झाला की पाच टक्के. म्हणजे आकडा तोच आणि विष दसपट. आमचं पाणी सातच्या आसपास होतं म्हणून नऊच्या नऊ अजून पोहत होते. पण तीच तुरटी पाण्यातला क्षारांचा साठा खाते, जो जिवाणूंना कामासाठी लागतो, आणि सामू सहाच्या खाली गेला की ते हातच आखडतात. टाकी घासणं म्हणजे तर पोलीस चौकी पाडून चोर पळतील अशी आशा धरणं.

मी आपलं सरळ काम धरलं. खाद्य बंद. गोल्डफिश काही दिवस उपाशी राहिला तर मरत नाही, पण हे आईला पटवणं अवघड होतं, कारण ती पोळ्या लाटताना कणकेच्या बारीक गोळ्या करून त्यांना घालत होती. "नदीच्या घाटावर सगळे घालतात" हा तिचा मुद्दा बिनतोड होता, फक्त आमच्याकडे नदी नव्हती. नळाचं पाणी तपासलं, ते स्वच्छ पिवळं निघालं, त्यामुळे महापालिका सुटली. रोज निम्मं पाणी बदललं, नव्या पाण्यातलं क्लोरीन मारायला थायोसल्फेटचे खडे विरघळवून घातले. निम्मं पाणी बदललं की 4 चे 2 व्हायलाच हवेत, आणि व्हायचेही. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा नारायणपेठ.

आणि एका सकाळी मोरीतून कामाच्या मावशींचा आवाज आला. "दादा, कसला काळा झाला होता हो तुमचा स्पंज! रोज धुते तरी रोज घाण. आज साबण लावून कोराच करून टाकला."

त्या स्पंजवर कुठे जिवाणू घर करत होते आणि नळाखाली रोज सकाळी ते घर निघून जात होतं. काळी घाण हीच आपली कामगार वस्ती आहे, स्पंज पिळायचा तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहून द्या दादा, घरातली घाण कुठली काढायची आणि कुठली ठेवायची."

पुढचं लवकर झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे वर्षानुवर्षं चाललेली टाकी आहे, तिच्या फिल्टरमधला जुना, चिकट, न धुतलेला स्पंज मी मागितला. ते संध्याकाळीच द्यायला तयार होते. पण "म्हणजे विरजणच की," असं म्हणून आईनं मला अडवलं. तिन्हीसांजेला विरजण कुणी देत नाही आणि आपण मागू नये. सकाळी आणला. सात मासे सोसायटीतल्या कमळाच्या हौदात गेले. एक शेंदरी आणि काळा उरले. भरभराटीचं गणित बिघडलं म्हणून मेव्हणा काही दिवस फुगून होता.

मग अमोनिया खरोखरच उतरू लागला. नारायणपेठ, पोपटी, लिंबू आणि शेवटी निव्वळ पिवळा. त्याच सुमाराला नायट्राइट वर आलं. त्याची चाचणी निळ्यावरून जांभळ्यावर जाते, तेव्हा पैठणी निघाली. नायट्राइट माशाच्या रक्ताचा प्राणवायू अडवतं आणि मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांशीच थोपवतं. म्हणजे काकूंचं खडे मीठ आता बरोबर ठरलं. त्या हे अजून सगळ्यांना सांगतात.

तेव्हा ओळखीत कुणी नवी टाकी घेतली असेल, तर कृपा करून मासे घेऊन जाऊ नका. स्वतःची जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकणाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचता करा. दिवेलागणीच्या आत. आणि धुऊन देऊ नका.