दावा कोणावर लावायचा?

ओबामांच्या मुली शिकल्या त्या वॉशिंग्टनच्या सिडवेल फ्रेंड्स शाळेला एका कुटुंबाने कोर्टात खेचलं. तक्रार अशी की शाळेने गुणांत गडबड केली, म्हणून लेकीचे विद्यापीठ-प्रवेश हुकले. कोर्टाने दाद दिली नाही, ते सोडा. दावा लावायला समोर कोणीतरी होतं!

आपल्याकडे 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळाने मान टाकली. पसंतीक्रम मात्र दहापर्यंत! साखरशेतसारख्या खेड्यातल्या बापाची पसंती एकच : जिथे एसटी जाते ते कॉलेज. प्रवेश हुकला तर त्याने कोणाला खेचायचं? सर्व्हरला की टॉवरला? आणि तारखेला जायलाही एसटीच लागणार.