वयाच्या साठीत लढवय्ये व्हावे कसे?

(जर्मन स्वारी रोखायला उभ्या राहिलेल्या इंग्लंडातील १९४० च्या होमगार्डांसाठी, अनुभवाअंती सुचलेल्या सूचना)

१. भरती. १४ मे १९४० च्या रात्री युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर स्वयंसेवक मागू लागले, की तडक पोलीस चौकी गाठावी. भाषण संपायची वाट पाहू नये. शेजारी आधीच जाऊन उभा असतो. वयोमर्यादा १७ ते ६५. पासष्टी उलटली असल्यास दोन-चार वर्षे विसरून जावीत. मागच्या महायुद्धाची पदके छातीवर असली, की जन्मतारखेची चौकशी सहसा होत नाही.

२. गणवेश. दंडाला पट्टी बांधावी. झाला गणवेश. बाकीचे कपडे सरकार यथावकाश पाठवील.

३. हत्यार. तूर्त झाडूचा दांडा खांद्यावर घेऊन गंभीर चेहऱ्याने कवायत करावी. पुढे अमेरिकेहून रायफली येतील, त्या घट्ट ग्रीसने बरबटलेल्या असतील. आतली रायफल दिसेपर्यंत पुसत राहावे. तांबडा पट्टा रंगवलेल्या रायफलीत ब्रिटिश काडतूस कोंबू नये: ते .३०३ चे, रायफल .३० ची. ऐन लढाईत हे आठवायचे, म्हणून तो पट्टा.

प्रत्येकाच्या हाती काहीतरी असावे, निदान गदा किंवा भाला तरी, असे १९४१ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी कळवले. युद्ध खात्याने ते शब्दशः घेतले आणि लोखंडी नळीला संगीन जोडलेले अडीच लाख भाले मागवले. बोध: सरकारदरबारी बोलताना अलंकार टाळावेत, तिथे त्यांची ऑर्डर निघते.

४. चिकट बॉम्ब. हे रणगाड्यावरचे रामबाण अस्त्र. काचेच्या गोळ्यात स्फोटक, वरून लोकरी मोजा, मोज्याला चिकट लेप आणि खाली दांडा. पत्र्याचे वेष्टण काढावे, पिन ओढावी, रणगाड्यापाशी धावत जाऊन बॉम्ब त्यावर थापावा. दांडा सोडल्यावर पाच सेकंद मिळतात. बॉम्ब मात्र जवळ जे असेल त्याला चिकटतो, आणि रणगाड्यापेक्षा स्वतःची विजार नेहमीच जवळ असते. एका जवानाचा बॉम्ब सरावात असाच विजारीला चिकटला. सोबत्याने प्रसंगावधान राखून विजारच खेचून काढली आणि बॉम्बसकट भिरकावली. यास्तव सराव जोडीने करावा, सोबती चपळ निवडावा आणि आतले कपडे धड असावेत.

५. इशारा. चर्चच्या घंटा फक्त शत्रू उतरला तरच वाजतील. ७ सप्टेंबर १९४० ला स्वारी येऊ घातल्याचा ‘क्रॉमवेल’ हा सांकेतिक शब्द सुटला आणि काही गावांत घंटा वाजल्याही. शत्रू आला नव्हता. अशा वेळी रात्रभर पहारा द्यावा, सकाळी एकमेकांकडे न पाहता घरी जावे.

६. निरोप. ३ डिसेंबर १९४४ ला दलाला रजा मिळेल. शत्रू आलाच नाही, याचे श्रेय हवाई दल आणि आरमार घेतील. घेऊ द्यावे. पबात बसल्यावर मात्र, ऐकणारा वैमानिक नाही याची खात्री करून, “आमच्या गावाकडे फिरकायची छाती झाली नाही त्यांची,” असे म्हणायला हरकत नाही.